धुक्यात चाक आपटलं, स्टेअरिंग सरळ झालं, पण गाडी ओढतेच

यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची आहेत. सकाळचं धुकं, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, आणि कुठंतरी आपटलेलं चाक. कारखान्यांचा सीझन आणि थंडी एकदमच येते आपल्याकडं, त्यामुळं दरवर्षीचंच आहे हे, पण यंदा गाडी ठोकलेल्यांपेक्षा ठोकल्यानंतर रिपेरी करून फसलेल्यांची पत्रं जास्त, म्हणून एक पत्र जरा लांबलचक घेतोय, बाकीची थोडक्यात.

प्रश्न: नमस्कार काका. मी खानापूर तालुक्यातला, कामासाठी आठवड्यातनं दोन-तीनदा संकेश्वरला जातो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सकाळी साडेसहाला हत्तरगीच्या अलीकडं सर्व्हिस रोडला होतो, धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं, आणि एकदम समोर उसाची डबल ट्रॉली उभी, मागं ना दिवा ना रेडियम. मी गाडी डावीकडं ओढली आणि पुढचं डावं चाक मोरीच्या कठड्याला बसलं. स्पीड चाळीस-पन्नास असेल. टायर फुटला, मॅग व्हीलचा तुकडा उडाला. स्टेपनी टाकून तसाच घरी आलो, पण गाडी सरळ चालली तरी स्टेअरिंग उजवीकडं वाकडं. मग एका गॅरेजमध्ये नवीन व्हील, नवीन टायर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग सगळं केलं, स्टेअरिंग सरळ झालं. पण अजून हात सोडला की गाडी डावीकडं ओढूलालीय, ऐंशीच्या पुढं स्टेअरिंग थरथरतं, आणि दीड हजार किलोमीटरात नवीन टायरची बाहेरची कड घासलीय. गॅरेजवाला म्हणतो, आपटलेल्या गाडीला एवढं असतंच की. अलाइनमेंटच्या प्रिंटमधले आकडे देतो: कॅम्बर डावा अधिक ०.९, उजवा उणे ०.४. कॅस्टर डावा २.१, उजवा ३.४. टो दोन्हीकडं हिरवा, म्हणजे ठीक. गाडी साडेपाच वर्षं जुनी हॅचबॅक. असंच चालवू का?

उत्तर: नको. असंच चालवू नका, आणि "एवढं असतंच" हे वाक्य कुठल्या गॅरेजमध्ये ऐकलं तर गाडीची किल्ली परत मागून घ्या.

तुमच्या प्रिंटमध्येच सगळं लिहिलंय, ती कोणी तुम्हाला वाचून दाखवली नाही एवढंच. बघा, छोट्या आणि मधल्या बहुतेक गाड्यांना पुढच्या चाकांत ॲडजस्ट करायला कंपनीनं एकच गोष्ट दिलेली असते, ती म्हणजे टो. वरून बघितलं तर दोन्ही चाकांची नाकं एकमेकांकडं वळलीत की बाहेर गेलीत, ते टो. टायरॉड म्हणजे स्टेअरिंगकडनं चाकाला वळवणारा दांडा, त्याच्यावरचा लॉकनट सैल करायचा, आटे फिरवायचे, झालं. कॅम्बर म्हणजे समोरून बघितल्यावर चाक उभं आहे का कलंडलंय. कॅस्टर म्हणजे चाक ज्या तिरक्या रेषेभोवती वळतं ती रेष पुढं-मागं किती कललीय, सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो ना, तसं. या दोघांना फिरवायला बहुतेक गाड्यांत स्क्रूच नसतो. लोखंडाचे भाग ज्या आकाराचे त्यावरनंच ते ठरतात. मग ते बिघडले असतील तर एकतर काहीतरी वाकलंय नाहीतर काहीतरी जागचं सरकलंय, तिसरं कारण नाही.

तुमच्या गॅरेजवाल्यानं काय केलं तर वाकलेलं तसंच ठेवून टो हिरवा करून दिला. स्टेअरिंग सरळ दिसायला लागलं, तुम्ही खूश, पैसे दिले. हाड मोडलेल्या पायाला नवीन बूट घालून दिल्यासारखं आहे हे. अलाइनमेंटची मशीन गाडी दुरुस्त करत नाही हो, ती फक्त दाखवते. दुरुस्ती पान्ह्यानं करायची असते.

आता ओढण्याचं. ज्या बाजूचा कॅम्बर जास्त अधिक असतो त्या बाजूला गाडी ओढते, आणि ज्या बाजूचा कॅस्टर कमी असतो त्या बाजूलाही ओढते. तुमच्याकडं दोन्ही डावीकडंच. दोन बाजूंमध्ये अर्ध्या डिग्रीच्या आसपास फरक असला तर मी डोकं खाजवत बसत नाही, पण तुमच्या दोन्हींत १.३ डिग्रीचा फरक आहे, हे लपवून लपत नाही. बाहेरची कड का घासते तेही यातच आलं, चाक वरनं बाहेर कलंडलंय, म्हणजे टायर बाहेरच्या कडेवर चालतोय. दहा नवीन टायर घातले तरी दहाही तसेच जाणार.

वाकलंय काय? मोरीचा कठडा तसा बुटका, चाकाच्या खालच्या अर्ध्या भागात लागला असणार, म्हणजे चाकाचा तळ आत आणि मागं ढकलला गेला. तळ आत गेला म्हणून कॅम्बर अधिक झाला, तळ मागं गेला म्हणून कॅस्टर कमी झाला. पहिला संशय लोअर आर्मवर, म्हणजे चाकाला खालनं गाडीशी जोडणाऱ्या हातावर. तो बहुतेक छोट्या गाड्यांत पत्र्याचा दाबून केलेला असतो, आणि माझ्या अनुभवात अशा धडकेत पहिला तोच वाकतो. दुसरा संशय शॉकअपच्या दांड्यावर, तिसरा नकलवर, म्हणजे ज्याच्यात चाकाचं बेअरिंग बसतं त्या ओतीव भागावर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे क्रॉसमेंबर, ज्याला आर्म बोल्ट केलेला असतो. तुमचं स्टेअरिंग उजवीकडं वाकडं होतं म्हणजे डावा टायरॉडही वाकला असण्याची शक्यता धरा. गॅरेजवाल्यानं आटे फिरवून त्याची लांबी जुळवली असेल, पण वाकलेला टायरॉड फिरवून सरळ होत नाही.

अंदाज करत बसायला नको, मशीनलाच विचारता येतं. चांगल्या मशीनवर एसएआय आणि इन्क्लुडेड अँगल असे आणखी दोन आकडे निघतात, बहुतेक ठिकाणी ते पान छापतच नाहीत, तुम्ही मागून घ्या. एसएआय म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेष समोरून बघितल्यावर आत किती कललीय. इन्क्लुडेड अँगल म्हणजे कॅम्बर आणि एसएआय यांची बेरीज. डाव्या-उजव्या बाजूची ही बेरीज सारखी आली पण एसएआय वेगळा आला तर नकल आणि शॉकअप ठीक आहेत, भानगड लोअर आर्म, क्रॉसमेंबर किंवा वरच्या टॉवरमध्ये, म्हणजे शॉकअपचं वरचं टोक बसतं तिथं आहे. बेरीजच वेगळी आली तर नकल किंवा शॉकअप वाकलाय. एवढी एक गोष्ट ज्या माणसाला माहीत आहे त्याच्याकडंच गाडी द्या. बेळगावात अशी माणसं आहेत, कोल्हापुरातही आहेत, दुकानाची काच किती मोठी त्यावर जाऊ नका.

घरी एक गोष्ट तुम्ही करू शकता, खर्च शून्य. सपाट जागी गाडी लावा, स्टेअरिंग सरळ ठेवा, पुढच्या चाकाच्या मधल्या बिंदूपासनं मागच्या चाकाच्या मधल्या बिंदूपर्यंत टेप लावून दोन्ही बाजू मोजा. डाव्या बाजूला सहा-आठ मिलिमीटर किंवा जास्त कमी आलं तर चाक मागं गेलंय हे नक्की. दुसरं, चाक आणि मडगार्डची मागची कड यातली फट दोन्हीकडं बोटांनी बघा. मी तर पूर्वी टेप नसला की जुन्या वायपरची पट्टीच मापाला वापरायचो.

बदलायचा क्रम असा ठेवा. आधी लोअर आर्म, बॉल जॉइंट आणि बुशसकट पूर्ण. मग परत मशीनवर. कॅम्बर-कॅस्टर जागेवर आले तर तिथंच थांबा, टायरॉड वाकला असेल तर तो बदला, टो जुळवा, घरी जा. नाही आले तर शॉकअप. शॉकअप वाकलाय का हे बघायची जुनी पद्धत म्हणजे वरचा नट थोडा सैल करून दांडा फिरवायचा, दांडा फिरताना चाकाचा वरचा भाग आत-बाहेर हलला तर दांडा वाकडा. पण हे गॅरेजमध्येच, स्प्रिंग क्लॅम्पमध्ये दाबल्याशिवाय तो नट पूर्ण काढायचा नाही, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो, हे मी उगीच भीती घालायला लिहीत नाही. शॉकअप घातला तर दोन्ही बाजूंचे एकदम घाला, एक नवा एक जुना ठेवला की ब्रेक मारताना गाडीचा तोल वेगळा येतो.

आता थरथर. नवीन व्हील, नवीन टायर, बॅलन्सिंग करूनही ऐंशीला थरथर असेल तर मला हबवर संशय येतो. चाक ज्या चकतीवर बोल्ट होतं ती चकतीच मारानं वाकली असेल तर त्यावर सोन्याचं व्हील लावलं तरी ते डुलणार. चाक काढून हबवर डायल गेज, म्हणजे डुलणं मोजायचं घड्याळ लावलं की कळतं. त्याच्याआधी फुकटची टेस्ट करा, पुढचं डावं चाक मागं टाका आणि मागचं पुढं आणा. थरथर स्टेअरिंगमधनं निघून सीटमध्ये आली तर चाकाचा दोष, स्टेअरिंगमध्येच राहिली तर हब किंवा ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासनं चाकाला फिरवणारा दांडा. हबचा मामला असेल तर बेअरिंगही त्याबरोबर बदलूनच घ्या.

एक गोष्ट तुम्हाला कोणीतरी सांगणारच म्हणून आधीच लिहितो. "नवीन आर्म, नकल कशाला घालता, गरम करून सरळ करून देतो" नाहीतर "जॅक लावून शॉकअप खेचून कॅम्बर बसवून देतो" असं म्हणणारे आहेत. मी गॅरेज टाकायच्या आधी काही वर्षं उद्यमबागला मशीन शॉपमध्ये काढली, शेजारी फौंड्री, त्यामुळं ओतीव लोखंड गरम केल्यावर त्याचं काय होतं ते रोज बघितलंय. ओतून, थंड करून, कधी हीट ट्रीटमेंट देऊन जो गुण आणलेला असतो तो गॅसच्या टॉर्चनं दोन मिनिटांत जातो. वरनं सरळ दिसेल, आत बारीक चीर असेल, ती डोळ्यांना दिसत नाही, चिरेत शिरणारा रंग लावून चेक केली तरच दिसते. घाटात उतरताना ब्रेकवर सगळा भार पुढच्या चाकांवर येतो आणि नेमका तेव्हाच तो भाग तुटतो. जुन्या जीप, टेंपोचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, आम्हीही पाटेवाल्याकडं ठोकून आणायचो, पण पाटा म्हणजे पाटा, नकल म्हणजे नकल.

शेवटी मेकॅनिकला एवढं आवर्जून सांगा की लोअर आर्मच्या रबर बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळू नको. हलके लाव, गाडी खाली सोड, चाकांवर वजन आलं की मग आवळ. नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेतच अडकतं, गाडी जरा उंच उभी राहते, आणि सहा महिन्यांत बुश फाटून कट-कट आवाज चालू. हे केलं नाही तर त्याला काही फरक पडत नाही, तुम्हाला पडतो. अलाइनमेंट या सगळ्यानंतर, आणि आधी नाही.

प्रश्न: मॅग व्हीलला आतल्या कडेला चीर गेलीय, हवा रोज पाच-सहा पीएसआय उतरते. चिक्कोडीत एकजण आर्गन वेल्डिंग करून देतो म्हणतो, नवीन व्हील फार महाग आहे. करू का?

उत्तर: व्हील वाकलंय आणि व्हील चिरलंय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कड थोडी वाकली असेल तर रोलरवर सरळ करता येते, डायल गेज लावून डुलणं साधारण मिलिमीटरच्या आसपास आलं तर चालवतात. चीर असेल तर माझं उत्तर नाही. वेल्डिंग वरनं छान दिसतं, पण वेल्डच्या शेजारचं ॲल्युमिनियम उष्णतेनं मऊ पडतं, आणि पुढची चीर तिथनंच जाते. स्पोकला किंवा बोल्टांच्या जवळ चीर असेल तर मग विचारायचंच नाही.

पैसे वाचवायचे असतील तर साधी लोखंडी डिस्क, म्हणजे पत्र्याचं व्हील घ्या की, काय लाज आहे त्यात? खडी-खड्ड्यांच्या रस्त्याला लोखंडी डिस्क बरी, आपटली तर वाकते, फुटत नाही, आणि वाकलेली ठोकून निभावतं. सेकंड हॅन्ड मॅग व्हील घेणार असाल तर बोल्टांचं अंतर जुळलं म्हणजे झालं असं समजू नका, मधलं भोक आणि ऑफसेटही, म्हणजे बोल्टांची बैठक व्हीलच्या मध्यापासनं किती आत-बाहेर आहे तेही, तेच पाहिजे. ऑफसेट चुकला तर चाक बाहेर येतं किंवा आत जातं, बेअरिंगवर वेगळा ताण येतो, वळताना टायर मडगार्डला घासतो. आणि मॅग व्हील ते डिस्क असा बदल केला तर नटही बघा, काही गाड्यांना दोन्हींचे नट वेगळे असतात, चुकीचे नट नीट बसत नाहीत.

प्रश्न: मी निपाणीचा, गाडी केए २३ पासिंगची, पण चाक आपटलं ते कागलजवळ, म्हणजे महाराष्ट्रात. लोअर आर्म, शॉकअप, टायर, व्हील असा खर्च आहे. गाडीला सहा वर्षं झालीत. इन्शुरन्स मिळेल का, का राज्य वेगळं म्हणून अडवतील? आणि क्लेम करावा की स्वतःच्या खिशातनं द्यावं?

उत्तर: राज्य वेगळं असण्याचा काही संबंध नाही, पॉलिसी देशभर चालते. आपल्या भागातल्या माणसाला प्रत्येक गोष्टीत "इकडचं का तिकडचं" विचारायची सवय लागलीय, तिचा इथं उपयोग नाही. कोल्हापूरला दुरुस्त करा नाहीतर बेळगावला. फक्त पॉलिसी पूर्ण पाहिजे, नुसती थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचा एक रुपया मिळत नाही.

आता नियम असे. नेहमीच्या पॉलिसीत दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्याच्या वरच्या गाडीला २,००० रुपये प्रत्येक क्लेमला तुम्ही भरायचे असतात. लोखंडी भागांवर वयाप्रमाणं कपात, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. रबर, प्लास्टिक यांवर ५० टक्के. नुसता टायर फुटला आणि गाडीला बाकी काही झालं नाही तर टायरचे पैसे मिळत नाहीत, पण त्याच धडकेत गाडीलाही मार बसला असेल तर टायरच्या निम्म्या किमतीपर्यंत मिळतात. झीरो डेप, म्हणजे वयाची कपात न लावणारं ॲड-ऑन, घेतलेलं असेल तर कपातीचं गणित बदलतं, पण तेव्हाही टायरचं काय लिहिलंय ते पॉलिसीत वाचा, टायरचं वेगळं ॲड-ऑन असतं.

समजा लोखंडी भागांचे १५,००० आणि टायरचे ५,००० झाले. भागांचे ९,००० येणार, टायरचे २,५००, त्यातनं १,००० वजा, म्हणजे साडेदहा हजार हातात, मजुरी वेगळी. याच्या समोर तुमचा नो क्लेम बोनस ठेवा. तो पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. तुम्ही पन्नासवर असाल आणि क्लेम केला तर रिन्यूअलला तो शून्यावर येतो, मग परत वर चढायला पाच वर्षं. खर्च आठ-दहा हजारांत भागत असेल तर मी खिशातनं देतो, त्याच्या वर गेलं की क्लेम. तुमचा हिशेब तुमच्या प्रीमियमचा आकडा समोर घेऊन करा.

सगळ्यात मोठी चूक मात्र लोक वेगळीच करतात. पॉलिसीत एक अट असते, ठोकलेली गाडी दुरुस्त न करता चालवली आणि त्यानं नुकसान वाढलं तर ते वाढीव नुकसान तुमचं. वाकलेल्या आर्मवर पन्नास किलोमीटर गाडी ओढत आणली, वाटेत ड्राइव्ह शाफ्ट बाहेर आला, गिअरबॉक्सचं ऑइल गेलं, तर नुकसान तपासायला येणारा सर्वेअर तेवढं बाजूला काढणार. तेव्हा जागेवर फोटो काढा, कठडा, चाक, रस्ता, नंबर प्लेट सगळं एका फ्रेममध्ये येईल असा एक तरी काढा, कंपनीला लगेच फोन करा, आणि गाडी टोइंग व्हॅननं न्या. सर्व्हे व्हायच्या आधी जुने भाग काढू नका, आणि काढले तर भंगारात देऊ नका.

प्रश्न: सर, आम्ही टिळकवाडीत राहतो. मुलगा मॉन्ट्रियलला असतो. बर्फावरनं गाडी घसरून आडवी फुटपाथच्या कडेला आपटली. मार मागच्या चाकाला बसलाय. आता तो म्हणतो गाडी सरळ जाते पण तिरकी चालल्यासारखी वाटते. तिकडचा मेकॅनिक मागचे आर्म बदलायला सांगतोय, खर्च बराच आहे. खरंच लागतं का हे, का फसवतायत? त्याला विचारलं तर चिडतो, म्हणून तुम्हाला विचारते.

उत्तर: ताई, फसवत नाहीत असंच दिसतंय. मागचं चाक कडेवर आडवं आपटलं की मागचा टो बिघडतो, आणि मग मागची चाकं गाडीला एका बाजूला ढकलतात, पुढची चाकं ते सावरतात, त्यामुळं गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं. मशीनवर याला थ्रस्ट अँगल म्हणतात. त्याला म्हणावं चारही चाकांची प्रिंट दुरुस्तीआधी आणि दुरुस्तीनंतर अशी दोन्ही माग, पहिल्या प्रिंटमध्ये मागच्या त्या चाकाचा टो लाल आणि दुसरीत हिरवा दिसला की पैसे बरोबर गेले.

तिकडं खर्च वाढतो त्याचं एक कारण मीठ. बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं बोल्ट गंजून असे धरतात की सोडवण्याऐवजी कापावे लागतात, मग एक भाग बदलायला गेलं की सोबत दोन जातात. आपल्याकडं कारवारच्या किनाऱ्यावरच्या गाड्यांचं होतं तसंच, फक्त जास्त. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानंच सक्तीचे आहेत, ते त्यानं घातलेले असणारच, पण मार बसलेल्या चाकाचा टायर आतल्या बाजूनं बघायला सांगा, बाहेरनं चांगला दिसतो आणि आत कापलेला असतो. आणि चिडतो म्हणालात, तर हे उत्तर फोटो काढून पाठवून द्या, मी सांगितलं म्हणून ऐकेल कदाचित.

प्रश्न: काका, मी गोकाकहून बेळगावला कॉलेजला बाबांची जुनी गाडी घेऊन जाते. एका हंपवर जोरात आपटल्यापासनं एबीएसचा दिवा लागलाय आणि साठच्या पुढं "घूंऽऽ" असा आवाज येऊलालाय. बाबा म्हणतात टायरचा आवाज आहे.

उत्तर: बाबांना सांग, रिकाम्या सरळ रस्त्यावर साठ-सत्तरला गाडी हलकेच डावी-उजवीकडं झुलवून बघा. उजवीकडं वळताना भार डाव्या चाकावर येतो, तेव्हा आवाज वाढला तर डावं बेअरिंग, उलट झालं तर उजवं. टायरचा आवाज असा बदलत नाही, रस्ता बदलला की बदलतो. बऱ्याच गाड्यांत एबीएसच्या सेन्सरची रिंग बेअरिंगमध्येच असते, म्हणून दोन्ही तक्रारी एकच असू शकतात. तसं असेल तर नवीन बेअरिंग कुठल्या बाजूनं दाबायचं ते मेकॅनिकला माहीत आहे ना ते विचार, चुंबकाची बाजू उलटी बसली तर दिवा तसाच राहतो आणि काम परत करावं लागतं. वायर तुटली असेल तर मात्र स्वस्तात सुटशील. दिवा असेपर्यंत ब्रेक लागतात, पण एबीएस नाही, म्हणजे जोरात ब्रेक मारला तर चाक लॉक होऊ शकतं, असं धरून चालव, धुक्यात तर अजिबात घाई नको.

प्रश्न: टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा आलाय. पंक्चरवाला म्हणतो आतनं पॅच मारतो, चालेल. चालेल का?

उत्तर: नाही. आतले दोरे तुटलेत, आता हवा नुसत्या रबरानं अडवून धरलीय. आजच बदला.

प्रश्न: थंडीतच टायर आणि डिस्क जास्त का मार खातात? मी तर महिन्याला हवा बघतो.

उत्तर: बघता कधी हे महत्त्वाचं. तापमान साडेपाच-सहा डिग्रीनं उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआय उतरते. दुपारी तीसच्या उन्हात, वर गाडी चालवून तापलेल्या टायरवर तुम्ही ३३ भरलीत, की पहाटे पंधरा डिग्रीला ती अठ्ठावीस-एकोणतीसवर आलेली असते. कमी हवेचा टायर खड्ड्यात चेपून डिस्कला टेकतो आणि दोन्हींच्या मध्ये रबर चिमटलं जातं. सकाळी टायर थंड असतानाच, घराजवळच्या पंपावर, एक-दोन किलोमीटरच्या आत हवा बघा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरवर कोरलेला आकडा जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा असतो, तो भरायचा नाही.

प्रश्न: चाक बदलल्यावर नट किती आवळायचे? मी पान्ह्यावर उभं राहून आवळतो.

उत्तर: तेच नको. बहुतेक छोट्या गाड्यांना ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. उभं राहून उडी मारली की त्याच्या दुप्पट होतं, आटे जातात, आणि पुढच्या वेळी चोर्ल्याच्या वाटेवर कणकुंबीला रात्री चाक काढायची वेळ आली की तोच नट निघत नाही. माझ्यावर आलीय ती वेळ, जांबोटीपर्यंत दुचाकीवर मागं बसून लांब पाइप आणायला गेलो होतो. क्रॉस करून आवळा, म्हणजे एक वरचा, मग त्याच्या समोरचा, आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर एकदा परत बघा. स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा लहान असेल तर तिच्यावर ऐंशीची मर्यादा लिहिलेली असते, ती आठवडाभर पुढच्या चाकाला ठेवून फिरू नका. आणि स्टेपनीत शेवटची हवा कधी भरली होती ते आत्ताच उठून बघून या.